कोयत्याचा आकडा

(भिवंडी, १९९१. शुक्रवार दुपार. सुट्टीमुळे लूम बंद, म्हणून आज घरातलं बोलणं घरात ऐकू येतंय. सुधीर कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क. सुचेता त्याची थोरली बहीण, सकाळच्या शाळेत बाई. सखी त्याच कारखान्यात कांडी मशिनवर, राहणार दिघाशी गावात. फरशीवर खडूने आखलेला किल्ला, एक दोनशे पानी वही आणि सूत गुंडाळायच्या, एक ते दहा आकडे घातलेल्या दहा लाकडी कांड्यांची पिशवी. तिघं वहीतल्या नियमांनी लढाईचा खेळ खेळतायत: सखी रानाई खेळवते, सुचेता वैदीण आणि सुधीर शत्रूचा सरदार.)

सुधीर : परत सांग, कितीची निघाली?

सखी : चारची. तुमच्या सरदाराची चार न माज्या रानाईची बी चार. तुमी काढलेली कांडी पिशवीत टाकली, हलवली, मग मी काढली. तुमी बगतच हुते की.

सुचेता : माझी नऊची. म्हणजे या फेरीत मी सगळ्यात शेवटी. लहान आकडा त्याचा वार आधी, इथवर ठीक. पण दोघांचा आकडा एकच आला तर आधी कोण? बोला, न्यायमूर्ती.

सुधीर : त्यात बोलायचं काय? नियम अकरा. बरोबरी झाली तर हत्याराचा आकडा बघायचा. चपळ हत्याराला लहान आकडा, अवघड हत्याराला मोठा. लहान आकड्याचा वार आधी. सरदाराची लांब तलवार, पाच. रानाईचा कोयता... थांब, वही बघतो... आठ.

सखी : आठ?

सुधीर : आठ. म्हणजे सरदाराचा वार आधी.

सुचेता : रानाईचे प्राण किती उरलेत?

सुधीर : तीन.

सुचेता : आणि सरदाराचा वार बसला तर किती जातात?

सुधीर : कमीत कमी चार.

सुचेता : म्हणजे मेली. दोन वर्षं खेळवलेली बाई, जंगलातून किल्ल्याच्या दारापर्यंत आणली, आणि आता दारात मेली. माझी वैदीण औषध घेऊन निघालीय, पण ती पोचेपर्यंत रानाईचं तेरावं होईल.

सखी : सरदाराचे किती उरलेत?

सुधीर : ते सांगायचं नसतं.

सुचेता : सांग रे.

सुधीर : पाच. कोयता एकदा नीट बसला तर तोही संपला.

सखी : म्हंजी जो पैला मारंल त्यो जगंल.

सुधीर : तसंच म्हण.

सखी : मग थांबा. वाराची कांडी काढू नका. आदी मना सांगा, कोयत्याला आठ कुनी दिला?

सुधीर : कुणी म्हणजे? पुस्तकाने.

सखी : पुस्तकानं कोयता बगितलाय का कंदी?

सुधीर : हे बघ सखी, ते पुस्तक असं तसं नाही. आमचा आतेभाऊ केसरीनाथ बोटीवरून उतरला तेव्हा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला. साठ पानं, सगळी इंग्रजी. मी डिक्शनरी घेऊन चार महिने बसलो, तेव्हा ही वही झाली. अख्ख्या भिवंडीत हा खेळ दुसरीकडे कुठे नाही.

सुचेता : आणि त्यामुळे भिवंडीचं काही अडलेलं दिसत नाही.

सुधीर : तू गप्प बस गं.

सखी : खेळ ब्येस हाय, भाऊ. म्हनून तर दर शुक्रवारी यष्टीनं येते. पुस्तकातले ते दहा बाजूंचे फासे भिवंडीत गावले न्हाईत, तवा मोडीतल्या कांड्या कुनी आनल्या? मीच ना?

सुधीर : तूच.

सखी : जेवनाच्या सुट्टीत तुमी ऑफिसात वही घेऊन बसले हुते, तवा तुमचा राक्षस लई येडा हाय ह्ये तुमाला पैलं कुनी सांगितलं?

सुचेता : हिनेच. म्हणून तर मी म्हटलं, हिला घरी आण.

सखी : मग आज बी मीच सांगते. कोयता आठ न्हाय. दोन हातांनी उचलायची ती मोटी तलवार, तिला किती?

सुधीर : आठ.

सखी : म्हंजी ती न माजा कोयता येकच? कोयता भाईर हाय बगा, चपलांशेजारी. जाताना मावशीच्या कुंपनाच्या काट्या तोडायच्या हायेत. आनू?

सुधीर : घरात? अगं, काहीतरीच काय!

सुचेता : आण, आण. आज मजा आहे. सुध्या, तो कापड मोजायचा लाकडी गज घे. तीन फूट आहे ना? ही तुझी लांब तलवार. खोच कमरेला. आणि सखी, तू कोयता कुठे लावणार?

सखी : आकडीत. ही बगा, लाकडाची. कमरेला मागं बांदायची न कोयता तिच्यात अडकवायचा. दोनी हात मोकळे. डोक्यावर मोळी आसली तरी हात मागं नेला का कोयता हातात.

सुचेता : मी तीन म्हटलं की दोघांनी उपसायचं. सखी, जपून हं, मला हा एकच भाऊ आहे. एक... दोन... तीन!

सुधीर : अगं, अगं, अगं!

सखी : पाठ टेकवलीय भाऊ, धार न्हाय. घाबरताय कशाला?

सुचेता : तुझी तलवार अजून पट्ट्यातच आहे, सुध्या.

सुधीर : अडकली. पट्टा नवीन आहे.

सुचेता : बरं, परत. एक... दोन... तीन! आता निघाली. पण तोवर हिचा कोयता तुझ्या मानेला लागूनसुद्धा झाला.

सुधीर : थांबा. हे उपसण्याचं झालं. आकडा उपसण्याचा नसतो, वार करण्याचा असतो. आणि किल्ल्याच्या दारात दोघांची हत्यारं आधीच बाहेर आहेत.

सखी : बरूबर. मग वार करा. हातात धरूनच सुरू करू.

सुचेता : एक... दोन... तीन! अरे, कॅलेंडर!

सुधीर : पडू दे. लागलं नाही ना कुणाला?

सखी : बगा भाऊ, तुमाला गज मागं न्यावा लागला. लांब हाय, त्याला जागा लागते. तुमचा हात मागं गेला तवर मी येऊन गेले. कोयता मनगटानं चालतो. कारवी तोडताना येका हातात मूठभर काट्या धरायच्या, दुसऱ्यानं सपकन. उशीर झाला का काटी तोंडावर येते. मी सात वरसांची आसताना आलीय, ह्यी बगा खून, भुवईवर.

सुधीर : पटतंय मला. हाताला पटतंय. पण पुस्तक लिहिणारे काय वेडे होते?

सुचेता : मग पुस्तक काढ. वही नको, तो मूळ गठ्ठा काढ.

सुधीर : तो ट्रंकेत आहे, खाली.

सुचेता : ट्रंक पलंगाखाली आहे, पाताळात नाही. काढ.

सुधीर : हं, हे घ्या. पान एकतीस. हे चित्र बघा. वाकडं पातं, आतल्या बाजूने धार. कोयताच आहे ना? मी काय मनाने लिहिलं?

सुचेता : खाली इंग्रजीत नाव काय आहे?

सुधीर : ते नाव डिक्शनरीत सापडलं नाही. म्हणून चित्रावरून लावलं.

सखी : पातं वळखीचं वाटतं खरं. पन मूठ कुठं हाय?

सुधीर : झेरॉक्स काढताना कडेला कापली गेलीय.

सखी : मूठ न्हाय कापलेली. ह्यो दांडा हाय. कागद संपला तरी दांडा संपला न्हाय.

सुचेता : इकडे दे बघू. सुध्या, आठच्या आधी हा आणखी एक रकाना कसला?

सुधीर : तो लांबीचा. आपल्या खेळात लांबी लागत नाही, म्हणून वहीत घेतला नाही.

सुचेता : या ओळीत किती लिहिलीय लांबी?

सुधीर : सात.

सुचेता : सात काय?

सुधीर : फूट.

सखी : सात फुटांचा कोयता? आमच्या घरात हुबा ऱ्हानार न्हाय, कौलं फुटतील!

सुचेता : लांब काठीच्या टोकाला वाकडं पातं बसवलंय, अरे. फौजेतल्या शिपायांचं हत्यार आहे ते. आणि साहेबांनी अर्धं चित्र बघून वर लिहिलं, कोयता! रकाना गाळला तो गाळला, वर चार महिने बसलो म्हणून सांगतोय.

सुधीर : चुकलं. हसून घ्या दोघी. मी आयुष्यात कोयता हातात धरलेला नाही. पातं दिसलं, कोयता वाटला, लिहून टाकला.

सखी : येकदा इचारायचं ना भाऊ. मी समोर बसले हुते.

सुधीर : तेव्हा सुचलं नाही. खरंच सुचलं नाही गं.

सुचेता : आता सुचलंय ना? मग खोड तो आठ.

सुधीर : तेच तर करता येत नाही. वहीचं पहिलं पान वाच.

सुचेता : “चालू लढाईत नियम बदलायचा नाही.” खाली आपल्या तिघांच्या सह्या.

सुधीर : मग?

सुचेता : अरे, तो तुझ्यासाठी केला होता! तुझा राक्षस मरायला टेकला की तू नवा नियम काढायचास.

सुधीर : म्हणूनच मी आता बदलणार नाही. सरदार माझा, वही माझी. आज सखीसाठी बदलला तर उद्या मी माझ्यासाठी बदलेन, आणि मग या खेळाला अर्थ काय उरला?

सुचेता : नियम अकरा तसाच राहतोय. बरोबरी झाली तर हत्याराचा आकडा बघायचा, याला कोण हात लावतंय? तू आकडा चुकीचा उतरवलास, तो दुरुस्त करायचा. हजेरी घेताना मी एखाद्या पोराला चुकून गैरहजर लावलं आणि ते समोर बसलेलं दिसलं, तर मी त्याला घरी पाठवते का?

सुधीर : मग पुलाचं काय?

सुचेता : पुलाचं काय म्हणजे?

सुधीर : बरोबरी आज दुसऱ्यांदा झालीय. पहिली पुलावर झाली होती. रानाई आणि तो दरोडेखोर. त्याची कुऱ्हाड सात, कोयता आठ. वार त्याचा आधी, आणि तो त्याने रानाईवर केला नाही. तुझ्या प्रभावतीवर केला.

सुचेता : माहितीये मला कोणावर केला ते.

सुधीर : त्यानंतर रानाईची कांडी निघाली ती दहाची. एका घावात त्याला पाडला तिने. पण प्रभावती गेल्यावर. कोयत्याचा आकडा बरोबर असता तर आधी तो पडला असता. आज मी आकडा सुधारला तर त्याचा अर्थ, प्रभावती माझ्या चुकीने मेली.

सुचेता : सखी यायच्या आधीपासून, चार महिने खेळले होते मी तिला. तलवार घेऊन पुढे जायची, कुणाचं ऐकायची नाही. ती गेली तेव्हा मी आत जाऊन रडले होते. तिशीला आलेली शाळेतली बाई, वहीतल्या बाईसाठी रडली. नंतर ही वैदीण केली. मागे उभी राहते, औषध देते. पुढे जायची हिंमतच राहिली नाही.

सुधीर : ताई, मला हे उकरायचं नव्हतं.

सखी : ताई, येक सांगायचं हाय. मना तवाच ठावं हुतं.

सुचेता : काय ठाऊक होतं?

सखी : कोयता आठ न्हाय ह्ये. भाऊंनी वाचलं, कुऱ्हाड सात, कोयता आठ. मी मनात म्हनलं, कोयता कुऱ्हाडीपेक्षा अवघड? आसं कंदी आसतंय? पन बोलले न्हाय.

सुचेता : का? प्रभावती तुझ्या शेजारी उभी होती, सखी. तिच्यावर कुऱ्हाड येत होती आणि तू गप्प बसलीस?

सखी : तुमच्या घरात तिसऱ्यांदा बसले हुते मी. भाऊंनी वहीत बोट ठेवून वाचलं. मना वाटलं, लिवलेलं हाय म्हंजी माजंच चुकत आसंल. मी बोलले, तर ह्ये परत बलावनार न्हाईत.

सुचेता : आम्ही? आम्ही असं केलं असतं?

सखी : तुमी कशे, ह्ये तवा मना काय ठावं? त्या दिवशी तुमी रडल्या न मी यष्टीत बसून त्योच इचार करत गेले. घरी जाऊन जेवले बी न्हाय. दर शुक्रवारी वाटायचं सांगावं. तुमी चा द्यायच्या, हसायच्या, न माजं सांगायचं ऱ्हायचं.

सुचेता : मला राग आलाय.

सखी : यायलाच पायजे.

सुचेता : तुझा आलाय, ह्याचा आलाय आणि माझाही आलाय. तू तिसऱ्या दिवशी तोंड उघडू शकली नाहीस, असं काय होतं आमच्या घरात? मला दिसलं कसं नाही? शाळेत चाळीस पोरांत कोण घाबरलंय ते मला दारातून कळतं.

सुधीर : ताई, मग काय करायचं? तू सांगशील ते.

सुचेता : प्रभावती गेली ती गेली. तिचं पान मी माझ्या हाताने फाडलंय, ती परत यायची नाही. पण रानाई अजून उभी आहे. आज बरोबर आकडा समजलाय, तर तो आज लाव. चुकीचा आकडा माहीत असून लावलास, तर मी उठते.

सुधीर : तुझं नुकसान झालं आणि तूच म्हणतेस?

सुचेता : नुकसान माझं झालं म्हणूनच मला म्हणता येतं. घे पेन.

सुधीर : ठीक. आठ खोडला. कोयता, दोन.

सखी : दोन न्हाय.

सुधीर : आता काय झालं?

सखी : दोन सुऱ्याला हाय ना? कोयता सुऱ्यापेक्षा जड आसतो. आखूड तलवारीला किती?

सुधीर : तीन.

सखी : मग कोयत्याला बी तीन. हाय त्ये लिवा. उगा कमी कशाला?

सुचेता : बघ, सुध्या. शीक काहीतरी.

सुधीर : कोयता, तीन. खाडाखोड आहे, म्हणून बाजूला तिघांच्या सह्या. ताई... सखी... हं. आता कोयता तीन, तलवार पाच. पहिला वार रानाईचा. वाराच्या कांडीला मोठा आकडा चांगला, विसरू नको. सहा किंवा वर निघाली की सरदार पडला.

सखी : रानाई म्हंते, सरदारा, दार सोड. माजी मानसं आत हायेत.

सुधीर : सरदार हसतो. दार सोडत नाही.

सखी : मग मारते.

सुचेता : हलव पिशवी. अजून हलव. अगं, नीट ढवळ ना!

सखी : ढवळली. काढली.

सुधीर : किती?

सखी : दोन.

सुचेता : नाही गं! दाखव.

सखी : दोनच हाय, ताई. हुकला.

सुधीर : कोयता दाराच्या चौकटीत रुतला. आता... आता सरदाराचा वार. चार किंवा वर. आपण जरा चहा घेऊ या का?

सुचेता : चहा पळून जात नाही. काढ.

सुधीर : सात.

सुचेता : सात.

सुधीर : सखी, ऐक. तू परत काढ. दोन वर्षं मी तुला चुकीच्या आकड्यावर लढवलं, त्याबद्दल एक वार जास्तीचा. ताईची हरकत नसणार.

सुचेता : माझी मुळीच नाही.

सखी : माजी हाय.

सुधीर : अगं, नियमात बसवतो मी.

सखी : न्हाय म्हनलं ना, भाऊ. ती आठावर मेली आस्ती तर मी आज भांडून उठले आस्ते न परत आले नस्ते. तिला तिचा वार मिळाला. हुकला त्यो माज्या हातानं हुकला.

सुचेता : वाईट नाही वाटत तुला?

सखी : वाटतं की. लई वाटतं. मशिनवर हुबी आसले ना, तरी मनात तिच्यासंगं रानात फिरायचे. उद्यापासून कुनासंगं फिरू?

सुचेता : ये इकडे. बस माझ्याजवळ.

सखी : मी रडत न्हाय, ताई.

सुचेता : मी रडतेय ना. म्हणून ये.

सुधीर : वहीत... वहीत काय लिहू?

सखी : लिवा, रानाई किल्ल्याच्या दारात पडली.

सुधीर : रानाई... किल्ल्याच्या... दारात पडली. झालं.

सखी : झालं न्हाय. पैला वार तिचा हुता, त्ये बी लिवा.